कॅथेड्रलच्या शिल्पांत लपलेला आर्किटेक्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसहून परतलेले आणि पॅरिसला निघालेले, दोन्ही प्रकारचे लोक हे प्रश्न पाठवतात. बहुतेक प्रश्न नोत्र दाम या पॅरिसच्या कॅथेड्रलच्या (कॅथेड्रल म्हणजे बिशपचं मुख्य चर्च) छपरावरच्या एका तांब्याच्या पुतळ्याभोवती फिरतात, म्हणून सुरुवात त्याच्यापासून केली आहे. प्राग, व्हिएन्ना, स्ट्रासबुर्ग आणि सांतियागो पुढे येतात. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. "लपलेला आर्किटेक्ट" म्हणजे नेमकं काय? पुतळा असतो की नुसता चेहरा?

दोन्ही असतं. कॅथेड्रलच्या भिंतींवर, दारांवर, छपरांवर शेकडो मूर्ती असतात: संत, राजे, देवदूत, प्राणी. त्यांतल्या एखाद्या मूर्तीला इमारत बांधणाऱ्याचा चेहरा दिलेला असतो. कधी तो संताच्या वेषात उभा असतो, कधी खांबाच्या पायथ्याशी गुडघे टेकून बसतो, कधी खिडकीतून डोकावतो. पाटी लावून चौकात उभारलेला पुतळा या प्रकारात मोडत नाही. इथे माणूस गर्दीत मिसळलेला असतो आणि ज्याला ठाऊक आहे त्यालाच सापडतो.

२. नोत्र दामवर तो कुठे आहे? इतक्या पुतळ्यांतून ओळखायचा कसा?

छपराच्या मधोमध जिथे दोन छपरं एकमेकांना छेदतात, तिथे उंच टोकदार शिखर आहे. त्याच्या पायथ्याशी चार दिशांना छपराच्या उतारावर पायऱ्यांसारखे पुतळे उतरत येतात. एकूण सोळा: येशूचे बारा शिष्य आणि चार शुभवर्तमानकारांची (येशूचं चरित्र लिहिणाऱ्यांची) चिन्हं, म्हणजे मत्तयाचा देवदूत, मार्काचा सिंह, लूकाचा बैल आणि योहानाचा गरुड.

शिष्य शहराकडे तोंड करून उभे आहेत, जणू पॅरिसवर लक्ष ठेवून. फक्त एकाने शहराकडे पाठ फिरवली आहे. तो मागे वळून, मान वर करून शिखराकडे पाहतो. त्याच्या हातात लांब पट्टी आहे आणि पट्टीवर लॅटिनमध्ये नाव कोरलं आहे. हा संत थॉमस, मराठी बायबलमधला थोमा. चेहरा मात्र यूजेन व्हियोले-ल-द्युकचा, ज्याने एकोणिसाव्या शतकात या कॅथेड्रलचा जीर्णोद्धार केला आणि ते शिखर उभारलं.

चेहरा खालून नीट दिसत नाही, पण वळलेली पाठ दिसते. तेवढ्यावरून ओळख पटते. दुर्बीण न्या.

३. बारा शिष्यांतून थोमाच का? त्याचा आर्किटेक्टशी काय संबंध?

या प्रश्नाचं उत्तर थेट भारतात येऊन पोचतं, म्हणून ते सविस्तर देतो.

थोमा हा युरोपात आर्किटेक्ट आणि बांधकाम करणाऱ्यांचा संरक्षक संत मानला जातो. चित्रांत आणि शिल्पांत त्याच्या हाती गवंड्याचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, दिसतो. हे त्याला चिकटलं ते एका कथेमुळे. तिसऱ्या शतकातल्या, सीरियाक या जुन्या भाषेतल्या एका ग्रंथात ती येते. शिष्यांनी जग वाटून घेतलं तेव्हा थोमाच्या वाट्याला भारत आला. त्याला जायचं नव्हतं. मग हब्बान नावाचा एक व्यापारी भेटला. त्याच्या राजाला बांधकाम जाणणारा कारागीर हवा होता. थोमा त्याला कारागीर म्हणून विकला गेला आणि गुंडाफर राजाच्या दरबारी पोचला. राजाने विचारलं, तुला काय येतं? थोमा म्हणाला, लाकडात नांगर आणि जू करतो, दगडात खांब, देवळं आणि राजवाडे.

राजाने वाड्यासाठी पैसा दिला. थोमाने तो सगळा गोरगरिबांत वाटून टाकला. काही दिवसांनी राजाने विचारलं, वाडा कुठे आहे? थोमा म्हणाला, झाला आहे, पण तो तुम्हाला मेल्यावर दिसेल. राजाने त्याला तुरुंगात टाकलं. त्याच रात्री राजाचा भाऊ गाद मरण पावला. स्वर्गात त्याने एक देखणा वाडा पाहिला आणि तो आपल्या भावाचा असल्याचं त्याला कळलं. तो परत जिवंत होऊन हे सांगायला आला आणि थोमाची सुटका झाली.

कथा कथाच आहे, पण राजा काल्पनिक नाही. गोंडोफर्नीस नावाचा इंडो-पार्थियन राजा इसवी सनाच्या पहिल्या शतकात वायव्य भारतात, तक्षशिलेच्या परिसरात राज्य करत होता. एकोणिसाव्या शतकात त्याची नाणी सापडली आणि निव्वळ धर्मकथेतलं वाटणारं नाव इतिहासात आलं. केरळातले ख्रिस्ती थोमाला आपला आद्य प्रचारक मानतात आणि चेन्नईच्या मयिलापूरला त्याची समाधी दाखवली जाते.

तर पॅरिसच्या छपरावरच्या आर्किटेक्टने ज्या संताचं रूप घेतलं, त्याच्या हाती मोजपट्टी आली ती भारतातल्या एका राजवाड्यासाठी, आणि तो वाडा पृथ्वीवर कधी उभाच राहिला नाही. मला या सगळ्या विषयात याहून सुंदर काही सापडलेलं नाही.

थोमाची दुसरी ओळख शंकेखोराची. येशू पुन्हा उठला हे जखमांना हात लावल्याशिवाय मानणार नाही, असं म्हणणारा शिष्य तो हाच. व्हियोले-ल-द्युक भाविक म्हणून प्रसिद्ध नव्हता, उलट धर्मगुरूंच्या सत्तेशी त्याचं जमत नसे. त्यामुळे ही निवड दुहेरी लागू पडते.

४. मग हे त्याचं आत्मचित्र म्हणायचं का?

नाही. पुतळे घडवले आदोल्फ-व्हिक्तोर जॉफ्रुआ-दशोम या शिल्पकाराने. व्हियोले-ल-द्युकने शिखराचा आराखडा आणि पुतळ्यांची योजना केली. चेहरा त्याचा आहे, हात शिल्पकाराचा. "आत्मचित्र" हा शब्द व्हिएन्नाच्या ऑर्गनखालच्या मूर्तीला शोभतो (प्रश्न १२).

पुतळे ओतीव नाहीत, ते पोकळ आहेत. तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून त्याला उठाव दिला आणि आत लोखंडी सांगाडा बसवला. आपल्याकडच्या तांबट आळीत हंडा-कळशी घडताना पाहिली असेल, तर काम कळेल. प्रत्येक पुतळा तीन मीटरहून उंच आणि वजन सुमारे दीडशे किलो. उंचीच्या मानाने हे वजन फारच कमी, आणि छपरावर उभं करायचं तर तेच हवं.

५. शिखर मध्ययुगीन नव्हतं का? मग आर्किटेक्ट त्यावर आपला हक्क कसा सांगतो?

तेराव्या शतकात तिथे एक शिखर होतं. ते कमकुवत झालं आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवण्यात आलं. पुढची सत्तरेक वर्षं नोत्र दाम शिखराशिवायच होतं. व्हियोले-ल-द्युक आणि ज्याँ-बातिस्त लासू यांना जीर्णोद्धाराचं काम १८४४ साली मिळालं. लासू १८५७ मध्ये वारला. १८५९ मध्ये ओकच्या लाकडाचं, शिशाच्या पत्र्याने मढवलेलं नवं शिखर उभं राहिलं. जमिनीपासून उंची सुमारे ९६ मीटर, लाकूड ५०० टन, शिसं २५० टन.

हे जुन्याची नक्कल नव्हतं. सोळा पुतळ्यांची कल्पना तर पूर्ण त्याचीच. जीर्णोद्धार म्हणजे इमारत कदाचित कधीच नव्हती अशा परिपूर्ण अवस्थेला नेणं, असं त्याने आपल्या वास्तुकोशात उघडपणे मांडलं आहे. या मतावर लोक आजही भांडतात. मला स्वतःला त्याचं सगळं पटत नाही, पण थोमा ज्या शिखराकडे पाहतो ते त्याने खरोखर बांधलेलं होतं. दुसऱ्याच्या श्रमावर त्याने नाव घातलं, हा आरोप निदान इथे लागू होत नाही.

६. २०१९ च्या आगीत हा पुतळा जळला ना?

नाही. शिखराच्या दुरुस्तीसाठी सोळाही पुतळे ११ एप्रिल २०१९ ला क्रेनने उतरवले होते. उचलता यावेत म्हणून डोकी आधी अलग केली होती. आग लागली १५ एप्रिलला, बरोबर चार दिवसांनी, आणि त्याच संध्याकाळी शिखर कोसळलं. पुतळे तेव्हा फ्रान्सच्या नैर्ऋत्येला पेरिग्यूजवळच्या कार्यशाळेत होते.

शिखराच्या टोकावरचा तांब्याचा कोंबडा मात्र वरच होता. तो दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यात चेपलेल्या अवस्थेत सापडला.

७. जुन्या फोटोंत पुतळे हिरवे आहेत, नव्यांत तपकिरी. बदलले का?

पुतळे तेच आहेत. तांबं उघड्यावर राहिलं की त्यावर हिरवा जंगाल चढतो. दीडशे वर्षांचा तो थर दुरुस्तीत काढला आणि मूळचा गडद तपकिरी रंग परत आणला. काहींना हिरवा रंगच ओळखीचा वाटतो, हे समजू शकतं. पण व्हियोले-ल-द्युकने उभे केले तेव्हा ते हिरवे नव्हते.

८. बुरुजावरचा, गाल हातांत धरून बसलेला शिंगवाला राक्षस म्हणजे आर्किटेक्टच, असं गाइडने सांगितलं. खरं का?

नाही. तो "स्त्रीज". तोही व्हियोले-ल-द्युकच्याच काळातला आहे, मध्ययुगीन नाही. पोस्टकार्डांमुळे तो जगभर पोचला. त्याच्या शेजारी लांब दाढीचा, टोपी घातलेला एक माणूस आहे. लोक त्याला "किमयागार" म्हणतात आणि तोही आर्किटेक्ट असल्याचं सांगून टाकतात. दोघांकडेही गुण्या नाही, कंपास नाही, नाव नाही. ते शहराकडे बघतात, बांधकामाकडे नाही. माझ्या दृष्टीने ही नजरेची दिशा महत्त्वाची आहे (प्रश्न १५).

जाता जाता: या राक्षसांना सरसकट गार्गॉइल म्हणतात, ते चूक आहे. गार्गॉइल म्हणजे पावसाचं पाणी दूर फेकणारी पन्हळ. स्त्रीजच्या तोंडातून पाणी पडत नाही.

९. दर्शनी भागावरच्या राजांच्या रांगेतही त्याचा चेहरा आहे म्हणतात.

ही गोष्ट सांगितली जाते खरी. ते अठ्ठावीस राजे एकोणिसाव्या शतकात नव्याने घडवले, कारण जुन्यांची मुंडकी फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये उडवली होती. ते फ्रान्सचे राजे आहेत असा लोकांचा समज होता, प्रत्यक्षात ते बायबलमधले, यहूदाचे राजे. त्यांतली एकवीस डोकी १९७७ मध्ये पॅरिसमध्येच एका वाड्याच्या आवारात पुरलेली सापडली आणि आता क्ल्यूनी संग्रहालयात आहेत. नव्या राजांत एखादा चेहरा ओळखीचा वाटू शकतो. पण थोमाच्या पट्टीवर नाव आहे, राजाच्या हाती तसलं काही नाही. मी थोमाला पुरावा मानतो आणि राजाला गप्पा.

पक्कं दुसरं उदाहरण हवं असेल तर पॅरिसच्या ईशान्येला पिएरफों किल्ल्यावर जा. तोही व्हियोले-ल-द्युकनेच पुन्हा उभारला. तिथल्या चॅपेलच्या दारावर यात्रेकरूच्या वेषातला संत जेम्स आहे. चेहरा त्याचाच.

१०. हा निव्वळ अहंकार नाही का? मध्ययुगातले कारागीर तर निनावी राहायचे.

"मध्ययुगातले कारागीर निनावी" हे वाक्य इतकं ऐकलं आहे की ते खरं नाही असं सांगावंसं वाटतं. नोत्र दामच्याच दक्षिण बाजूला, दाराच्या तळाशी एक लांबलचक कोरीव लेख आहे. १२५८ च्या फेब्रुवारीत हे काम सुरू झालं, तेव्हा पाथरवट ज्याँ द शेल हयात होता, असं त्यात लिहिलं आहे. पुढे काम हाती घेतलेल्याने आपल्या आधीच्या उस्तादाला दिलेला हा मान आहे.

फ्रान्समधल्याच आमियाँच्या कॅथेड्रलच्या फरशीत चक्रव्यूह आहे. त्याच्या मधल्या दगडावर १२८८ साल आहे आणि बिशपसोबत तीन उस्तादांच्या आकृती आहेत: रोबेर द ल्यूझार्श, थोमा द कोर्मों आणि त्याचा मुलगा रनो. मूळ दगड आता तिथल्या संग्रहालयात आहे. रीम्सच्या चक्रव्यूहाच्या चार कोपऱ्यांत चार उस्ताद होते. तो १७७९ मध्ये उखडून टाकला, पण त्याची रेखाकृती आज फ्रान्सच्या संरक्षित वास्तूंचं बोधचिन्ह आहे. रस्त्याने जाता येता तुम्ही ती पाहिली असेल.

तेव्हा व्हियोले-ल-द्युक नवी प्रथा पाडत नव्हता, जुन्या प्रथेत स्वतःला बसवत होता. त्यात अहंकार होता का? थोडा असेलच. पण आपला चेहरा त्याने अशा उंचीवर ठेवला की खालच्या माणसाला तो दिसूच नये. मिरवायचं असतं तर जागा खूप होत्या.

११. प्रागच्या कॅथेड्रलमध्ये कोणाचा चेहरा आहे? आम्हाला तर काहीच दिसलं नाही.

दिसणार नाही, कारण ते खूप वर आहेत. संत व्हिटसच्या कॅथेड्रलमध्ये कमानींच्या वर भिंतीत अरुंद सज्जा आहे. तिथे चौदाव्या शतकातले एकवीस दगडी अर्धपुतळे आहेत: सम्राट चौथा चार्ल्स, त्याच्या चार राण्या, घराण्यातली माणसं, आर्चबिशप, आणि या सगळ्यांच्या पंगतीत दोन बांधकाम करणारे. पहिला आरासचा मात्तियास, जो १३५२ मध्ये वारला. दुसरा पीटर पार्लर. पुतळ्याच्या वर कोरलेल्या लेखानुसार १३५६ मध्ये सम्राटाने त्याला आणलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पार्लरच्या छातीवर त्याच्या घराण्याची खूण आहे, कोनात वाकलेली काठी.

सम्राटाच्या ओळीत बांधकाम करणाऱ्यांना जागा मिळाली, हे त्या काळासाठी फार मोठं आहे. सज्जा पर्यटकांना खुला नसतो, पण प्रागच्या किल्ल्यात या पुतळ्यांच्या प्रतिकृती पाहता येतात.

बाहेर पडल्यावर मात्र मान वर करा. पश्चिमेच्या दर्शनी भागावर मोठी गोल खिडकी आहे. तिच्याखाली, जणू तिला आधार देत, सुटातले चार गृहस्थ कोरले आहेत. कॅथेड्रल १९२९ मध्ये पूर्ण झालं, आणि ते पूर्ण करणाऱ्या आर्किटेक्ट आणि बांधकामवाल्यांचे हे चेहरे. संतांच्या गर्दीत कोट घातलेली माणसं बघून पहिल्यांदा चकायला होतं.

१२. व्हिएन्नाला दोन जण दाखवतात. एक प्रवचनाच्या मंचाखाली खिडकीतून डोकावणारा, दुसरा भिंतीवर. दोघंही आंतोन पिलग्राम का?

गाइड लोक अजूनही तसंच सांगतात. दोघांना वेगळं करून पाहा.

भिंतीवरच्या मूर्तीबद्दल शंका नाही. संत स्टीफनच्या कॅथेड्रलमध्ये उत्तरेच्या भिंतीला ऑर्गन या मोठ्या वाद्यासाठी पुढे आलेला दगडी पाया होता. त्याच्या खाली पिलग्राम आहे, सगळा भार खांद्या-पाठीवर घेतल्यासारखा वाकलेला. हातांत कंपास आणि गुण्या. सोबत त्याच्या नावाची आद्याक्षरं आणि १५१३ साल. ऑर्गन कधीच गेला, माणूस अजून भार वाहतो आहे.

मंचाखालचा वेगळा. जिन्याखालच्या छोट्या खिडकीचं दार उघडून एक जण बाहेर डोकावतो. हाती कंपास आहे. जुन्या अभ्यासकांनी मंचही पिलग्रामच्या नावावर टाकला, म्हणून हाही पिलग्रामच ठरला. आता मंच निकलाउस गेरहार्ट व्हान लेयडन या शिल्पकाराच्या परंपरेतल्या, पिलग्रामआधीच्या हातांचा मानला जातो. तसं असेल तर खिडकीतला माणूस पिलग्राम असू शकत नाही. तो मंच घडवणाऱ्यांतला कोणी असावा. कोण, हे त्याने लिहून ठेवलेलं नाही.

तरी दोघांत मला खिडकीतला जास्त जवळचा वाटतो. काम संपवून, जरा बाहेर डोकावून, लोक कसे बघतात ते पाहणारा माणूस.

१३. सांतियागोला मुलांची डोकी एका मूर्तीवर आपटतात, ती आर्किटेक्टची म्हणे. खरंच तसं करायचं असतं?

आता करू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्ये "वैभवाचं दार" म्हणून प्रसिद्ध मध्ययुगीन शिल्पांचं दालन आहे. दारावरच्या लेखात १ एप्रिल ११८८ ही तारीख आणि उस्ताद मातेओ हे नाव आहे. मधल्या खांबाच्या मागे, पायथ्याशी एक गुडघे टेकलेला माणूस आहे. शिल्पांच्या वैभवाकडे त्याची पाठ आहे आणि तोंड वेदीकडे. परंपरेने तो मातेओ. त्याची बुद्धी आपल्यालाही मिळावी म्हणून विद्यार्थी त्याच्या कपाळावर कपाळ टेकवत. गॅलिशियन भाषेत त्याला "टकरींचा संत" म्हणतात. शेकडो वर्षांच्या टकरींनी दगड झिजला.

इथे नाव पक्कं आहे, तारीखही पक्की आहे. मूर्ती त्याचीच आहे हे परंपरा सांगते. मला ती परंपरा मान्य करायला आवडतं, पण व्हिएन्नाच्या १५१३ इतकं ते पक्कं नाही.

१४. स्ट्रासबुर्गला एका स्त्री-शिल्पकाराची कथा ऐकली, सबीना. तिचा चेहरा कुठे आहे?

वाईट वाटतं, पण ही कथा वाचनाच्या चुकीतून जन्मली. दक्षिण दारावरच्या एका शिष्याच्या हातातल्या पट्टीवर लॅटिन ओळी होत्या: जिच्यामुळे मी कठीण दगडातून मूर्ती झालो, त्या सविनेवर देवाची कृपा असो. "कठीण दगड" या शब्दांवरून लोकांनी श्टाइनबाख हे आडनाव वाचलं, कारण जर्मनमध्ये श्टाइन म्हणजे दगड. प्रसिद्ध आर्किटेक्ट एर्विन फॉन श्टाइनबाखची ती मुलगी ठरली.

ती मूर्ती १२२० ते १२३० च्या सुमाराची, आणि एर्विन वारला १३१८ मध्ये. मुलगी बापाच्या कितीतरी आधी काम करून गेली असती. सविना बहुधा देणगी देणारी बाई असावी. मूळ मूर्ती क्रांतीत गेली. सबीनेचे पुतळे आणि चित्रं पुढे बरीच झाली, त्यामुळे कथा जिवंत राहिली.

१५. मी स्वतः एखाद्या कॅथेड्रलमध्ये शोधायचं ठरवलं तर?

आधी हातांकडे पाहा. गुण्या, कंपास, मोजपट्टी, किंवा हातात धरलेली इमारतीची छोटी प्रतिकृती. रीम्सच्या कॅथेड्रलमध्ये यूग लिबेर्जिए या उस्तादाची थडग्यावरची शिळा आहे. तो १२६३ मध्ये वारला. तिच्यावर ही सगळी साधनं एका जागी आहेत, म्हणून नमुना म्हणून ती पाहण्यासारखी आहे. पण सावध राहा: गुण्या थोमाच्या हाती कुठेही असू शकतो, तिथे आर्किटेक्ट असेलच असं नाही. चर्च हातात धरलेला माणूस बहुधा देणगीदार राजा किंवा बिशप असतो.

मग अक्षरं शोधा. नाव, आद्याक्षरं, साल, घराण्याची खूण.

तिसरी गोष्ट मी वर्षानुवर्षं बघत आलो आहे, ती नजर. थोमा शिखराकडे बघतो, मातेओ वेदीकडे, पिलग्राम ओझ्याखाली वाकलेला आहे. आपल्याकडे रोखून बघणारा त्यांत कोणी नाही. खिडकीतला माणूस तेवढा अपवाद, आणि तो कोण हेच नक्की नाही.

१६. नुसता चेहरा वेगळा दिसला तर तो आर्किटेक्ट समजायचा का? मुंबईत व्हीटीवरही चेहरे आहेत.

नाही समजायचा. क्रोएशियातल्या शिबेनिकच्या कॅथेड्रलच्या मागच्या भिंतीवर ७१ डोकी आहेत, जिवंत, एकेक वेगळं. ती बांधकामाला पैसे न देणाऱ्यांची आहेत असं गावकरी हसत सांगतात. यूराय दाल्मातिनात्स या उस्तादाने आपलं नाव मात्र दोन लहान मुलांनी धरलेल्या पट्टीवर वेगळं कोरलं.

व्हीटी, आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं काम. दर्शनी भागावर गोल चौकटींत जे चेहरे आहेत ते जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेशी संबंधित मंडळींचे. त्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई आहेत.

१७. आपल्याकडे असं काही नाही का?

चेहरा म्हणाल तर माझ्यापुढे तितकं पक्कं उदाहरण नाही. नाव म्हणाल तर आहे, आणि ते महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर कोरलं आहे, "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर". गड बांधणारे हिरोजी इंदुलकर ते हेच. मंदिराच्या भिंतीत संस्कृत शिलालेख आहे, त्यातही गड हिरोजींनी निर्माण केल्याचं म्हटलं आहे. पण लोकांच्या मनात राहिली ती पायरी. देवाला जाताना महाराजांची पायधूळ नावावर पडावी म्हणून हिरोजींनी ही जागा मागितली, असं सांगतात. पॅरिसच्या आर्किटेक्टने स्वतःला सगळ्यांच्या वर ठेवलं, रायगडच्या आर्किटेक्टने सगळ्यांच्या पायाखाली. दोन्ही ठिकाणी नजर मात्र जे बांधलं त्याच्याकडे आणि ज्याच्यासाठी बांधलं त्याच्याकडेच आहे. त्या पायरीवर पाय ठेवताना मी दरवेळी अडखळतो.

वेरूळच्या कैलासाची गोष्ट याहून निराळी. तिथे आर्किटेक्टचं नाव नाही, चेहरा नाही. पण बडोद्याला सापडलेल्या, नवव्या शतकाच्या सुरुवातीच्या राष्ट्रकूट ताम्रपटात तो आहे. काम पुरं झाल्यावर तो स्वतःच थक्क झाला, हे मी कसं केलं, असं त्याला वाटलं आणि पुन्हा असं जमणार नाही म्हणून तो खचला. त्याची मूर्ती नसली तरी मला तो माणूस दिसतो.

१८. नोत्र दाम पुन्हा उभं राहिलं. मग आताच्या लोकांनी आपली खूण ठेवली का?

ठेवली. शिखर व्हियोले-ल-द्युकच्याच आराखड्याप्रमाणे पुन्हा ओकचं आणि शिशाचं उभं केलं. पुनर्बांधणीचे प्रमुख जनरल ज्याँ-लुई जॉर्जलाँ यांचा ऑगस्ट २०२३ मध्ये अपघाती मृत्यू झाला. त्यांचं नाव शिखराच्या लाकडात कोरलं आहे. मुख्य आर्किटेक्ट फिलिप व्हिलनव्ह यांनी टोकावरचा नवा कोंबडा रेखाटला. तो १६ डिसेंबर २०२३ ला वर चढला, आणि कॅथेड्रल डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं.

कोंबड्याच्या पोटात संतांचे अवशेष आहेत आणि सोबत एक यादी. सुतार, पाथरवट, शिसं बसवणारे, पाडकाम आणि सफाई करणारे, क्रेन चालवणारे, पुनर्बांधणीत हात लागलेल्या सुमारे २,००० माणसांची नावं. ती वाचायला कोणालाही वर जाता येत नाही.